सभामंडपातून मैदानात : गाडगेबाबांचे कीर्तन

कीर्तनाचा विचार आपण बहुधा संतसाहित्याच्या अंगाने करतो, प्रयोग म्हणून क्वचितच. वस्तुतः नारदीय कीर्तन हा पक्का बांधलेला प्रयोग आहे. नमन, पूर्वरंगातले निरूपण, मधले भजन, उत्तररंगातले आख्यान आणि शेवटी आरती, असा त्याचा क्रम. बुवांचा अंगरखा आणि उपरणे, पेटी-तबल्याची साथ, आणि या सर्वांना सामावून घेणारा देवळाचा सभामंडप. हा प्रयोग छपराखालून उघड्यावर आणला तर त्यातले काय टिकते आणि काय गळून पडते? या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या मातीत शोधावे लागते.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण गेले ते अकोला जिल्ह्यातील दापुऱ्याला, मामाच्या घरी. वडिलांचा बळी दारूने घेतला आणि मामाची शेती सावकाराने गिळली. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा घेऊन हिंडणारे गाडगेबाबा पुढे महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले.

त्यांचे कीर्तन मैदानात का आले, याचे एक उत्तर सोयीचे आहे: श्रोते हजारोंनी येत, देऊळ पुरत नसे. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते. सभामंडप लहान होता हे खरे, पण त्याला उंबरठाही होता आणि तो सर्वांसाठी नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली, तेव्हा अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्नच ऐरणीवर होता. अशा प्रांतात देवळाबाहेर उभे राहून कीर्तन करणे म्हणजे श्रोता कोण, हे नव्याने ठरवणे होते.

जागा बदलली तसा प्रयोगाचा घाटही बदलला. बाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. रंगभूमीच्या भाषेत बोलायचे तर नेपथ्याची सिद्धता नट स्वतःच, सर्वांदेखत करीत असे. झाडलेली जागा हेच पहिले निरूपण. वाद्यांचा सरंजाम गेला, दगडांचे टाळ पुरेसे ठरले. पूर्वरंग-उत्तररंगाची शिस्त विरघळली. तुकोबांचा आणि कबीराचा आधार राहिला, पण पौराणिक आख्यानाच्या जागी श्रोत्यांचाच संसार आला: कर्ज, दारू, नवसाचा बोकड, शाळेत न गेलेले पोर.

सर्वांत मोठा बदल संवादाचा. उघड्या मैदानात दूरवर बसलेल्या माणसाचे लक्ष दीर्घ निरूपणाने टिकत नाही. म्हणून बाबा वऱ्हाडी बोलीत लहान लहान प्रश्न विचारीत आणि समुदायाकडून उत्तर वदवून घेत. गावात कोणकोणते देव आहेत हे श्रोत्यांनीच सांगायचे, आणि मग देव एकूण किती झाले हेही त्यांनीच मोजायचे. विसंगती बुवांनी दाखवण्याआधी ऐकणाऱ्याच्या तोंडूनच बाहेर पडे. मधूनमधून गोपाळनामाचा गजर विखुरलेल्या समुदायाला पुन्हा एका लयीत आणी. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ही पद्धत आजही कानांनी पडताळता येते. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले.

याच काळात यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन खुल्या सभांतून भजन करीत होते. पुढे अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्यांच्या साथीने मैदानी प्रबोधनाची वाट चालू ठेवली. ही परंपरा वऱ्हाडात एकाकी नाही.

अमरावतीच्या विद्यापीठाला २००५ मध्ये गाडगेबाबांचे नाव मिळाले. मराठीच्या वर्गात मात्र त्यांचे कीर्तन शिकवायचे कसे, हा पेच उरतो. ज्याची स्थिर संहिता नाही आणि ज्याचे निम्मे वाक्य समुदाय पूर्ण करतो, ते छापील पानावर अर्धेच उतरते. तेव्हा या कीर्तनाचा अभ्यास ऐकण्यापासून सुरू व्हावा, आणि ऐकताना बाबांच्या आवाजाइतकेच लक्ष समोरून येणाऱ्या उत्तरांकडेही असावे. ज्यांना सभामंडपात बसण्याची मुभा नव्हती, त्यांचाही आवाज त्या उत्तरांत मिसळलेला आहे.