पारंपरिक वेब सर्व्हरवर जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची उभारणी

पारंपरिक वेब सर्व्हरवर जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कची उभारणी म्हणजे रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू यांसारख्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेले संकेतस्थळ अपाची किंवा एनजिनएक्स यांसारख्या सर्व्हरवरून वाचकांना उपलब्ध करून देणे होय. एखाद्या पत्त्याची मागणी आल्यावर तिचे उत्तर सर्व्हरने द्यायचे की वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामने, हा या उभारणीतील मध्यवर्ती प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

अपाची सर्व्हर १९९५ मध्ये, तर एनजिनएक्स २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्त्याशी जुळणारी फाइल शोधून पाठवणे किंवा पीएचपीसारख्या भाषेतील प्रोग्रामकडून पान तयार करवून घेणे, हे अशा सर्व्हरचे नेहमीचे काम असते. २००९ मध्ये आलेल्या नोड.जेएसमुळे सर्व्हरवरील प्रोग्रामही जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्याचा प्रघात वाढला. पुढे रिॲक्ट (२०१३), व्ह्यू (२०१४) आणि अँग्युलर (२०१६) यांच्यामुळे पाने ब्राउझरमध्येच रचण्याची पद्धत रूढ झाली.

पद्धती

स्थिर फाइली: विकसकाच्या संगणकावर ‘बिल्ड’ आज्ञा चालवून एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टच्या अंतिम फाइली तयार केल्या जातात आणि त्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. सर्व्हरवर नोड.जेएस असण्याची गरज नसते. त्यामुळे साध्या सामायिक होस्टिंगवरही ही पद्धत चालते. संकेतस्थळ उपफोल्डरमध्ये ठेवायचे असल्यास त्याचा मूळ मार्ग बिल्डपूर्वी नोंदवावा लागतो.

मध्यस्थ सर्व्हर: नेक्स्ट.जेएससारख्या फ्रेमवर्कमध्ये मागणीगणिक पान सर्व्हरवर रचता येते. त्यासाठी नोड.जेएसची प्रक्रिया सतत चालू ठेवावी लागते. अपाची किंवा एनजिनएक्स बाहेरून आलेली मागणी स्वीकारून त्या प्रक्रियेकडे पोहोचवतो व उत्तर वाचकाला परत देतो.

पत्त्यांची हाताळणी

स्थिर पद्धतीत मुख्य पान उघडते आणि त्यातील दुवेही चालतात. मात्र आतील पान पुन्हा लोड केल्यास किंवा त्याचा दुवा दुसऱ्यास पाठवल्यास ‘४०४’ ही त्रुटी दिसू शकते. तो पत्ता केवळ ब्राउझरमधील प्रोग्रामला ठाऊक असतो. त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसते. यावर उपाय म्हणून फाइल न सापडल्यास मुख्य पान पाठवण्याचा नियम केला जातो. अपाचीमध्ये ‘फॉलबॅकरिसोर्स’ आणि एनजिनएक्समध्ये ‘ट्राय_फाइल्स’ या सूचनांनी तो लिहिता येतो.

या नियमाचा एक दुष्परिणाम आहे. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही सर्व्हर ‘२००’, म्हणजे यशस्वी, असे उत्तर देतो. त्यामुळे चुकीचा दुवा शोधयंत्रांना खरा वाटू शकतो.

देवनागरी पत्त्यांबाबत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मराठी विकिपीडियावरील ‘सोलापूर’ या लेखाच्या नावात युनिकोडची ७ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. परिणामी सर्व्हरकडे हे नाव ६३ अक्षरांचे होऊन पोहोचते. नियम लिहिताना व प्रोग्राममध्ये पत्ता वाचताना हे रूप उलगडून घ्यावे लागते.

मराठी विकिपीडियाचे उदाहरण

मराठी विकिपीडिया पीएचपीत लिहिलेल्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो. ‘सोलापूर’ नावाची फाइल तेथेही नसते. सर्व्हर ती मागणी पीएचपी प्रोग्रामकडे वळवतो आणि तो संपूर्ण लेख रचून पाठवतो. लेख नसल्यास ‘४०४’ हेच उत्तर जाते.

२०२० मध्ये मीडियाविकीसाठी व्ह्यू हे फ्रेमवर्क निवडण्यात आले. मात्र सर्व लेख ब्राउझरमध्ये रचण्याचा मार्ग पत्करला गेला नाही. ‘व्हेक्टर २०२२’ या रूपातील शोधपेटीसारख्या ठरावीक भागांपुरते व्ह्यू वापरले जाते. मीडियाविकीतील ‘रिसोर्सलोडर’ हा भाग व्ह्यूच्या घटकफाइली पीएचपीतच वाचतो. त्यामुळे त्यांच्यासाठी नोड.जेएसची गरज पडत नाही. जावास्क्रिप्ट बंद असली किंवा मंद जोडणीमुळे पोहोचली नाही, तरी लेख वाचता येतो.

निवड व देखभाल

मजकूर वाचणे हाच मुख्य हेतू असलेल्या संकेतस्थळांना पान सर्व्हरवर रचणे किंवा आधीच रचून ठेवणे सोयीचे ठरते. लॉगिननंतर वापरायच्या, सतत बदलणाऱ्या पडद्यांसाठी ब्राउझरमधील रचना योग्य ठरू शकते. नवी आवृत्ती चढवताना मुख्य पान ब्राउझरने दीर्घकाळ साठवून ठेवू नये, अशी सूचना सर्व्हरवर द्यावी लागते. अन्यथा जुने पान काढून टाकलेल्या फाइली मागते आणि वाचकासमोर कोरा पडदा येतो.