मोटारीचा श्वास आणि त्याचें माप

सातारहून पंढरपुराकडे जाणारा रस्ता कोरेगांव सोडल्यावर वर्धनगडाचा घाट चढतो, पुसेगांवावरून दहिवडीस येतो आणि गोंदवलें, म्हसवड या गांवांवरून माण तालुका ओलांडून पूर्वेस जातो. या तालुक्यांतून आगगाडी गेली नाहीं. शिखर शिंगणापूरची यात्रा असो, गोंदवल्याचा उत्सव असो, कीं दुष्काळांत पोटासाठीं गांव सोडणें असो, बैलगाडीनंतर माणच्या माणसाला आधार मिळाला तो मोटारीचा. या मोटारीच्या पोटांत हवा आणि इंधन यांचा मेळ कसा बसतो आणि तो बसला कीं नाहीं हें मनुष्यानें कसकसें ओळखलें, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मोटार पेट्रोलवर चालते असें आपण म्हणतों. पण वजनानें पाहिलें तर ती पेट्रोलाच्या कितीतरी पट हवा खाते. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलामागें हें माप जवळजवळ नऊ हजार लिटर हवेचें भरतें. हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळतें, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. हवा फार झाली तर एंजिनाचा जोर ओसरतो आणि शेवटीं ठिणगी पडूनही भडका होत नाहीं. पहिल्या स्थितीस मेस्त्री लोक ‘रिच’ म्हणतात, दुसरीस ‘लीन’. पेट्रोल-एंजिनास पुरा जोर हवा असेल तर प्रमाण साडेबारा-तेराच्या आसपास लागतें; काटकसर हवी असेल तर तें पंधराच्या थोडें पुढें न्यावें लागतें.

हें प्रमाण हातानें राखण्याची विद्या आपल्याकडे सर्वांत कसाला लागली ती दुसऱ्या महायुद्धांत. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग आलें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं पडला आणि तेथील तेलाचा ओघ थांबला. तेव्हां देशभर अनेक सर्व्हिस मोटारींच्या मालकांनीं लाकडी कोळशाचा आश्रय केला. गाडीला लोखंडी भट्टी जोडावयाची, तींत मोजकीच हवा जाऊं देऊन कोळसा अर्धवट जाळावयाचा, निघालेला वायु थंड करून गाळावयाचा आणि एंजिनांत घ्यावयाचा, अशी ती रचना. या वायूंत निम्म्याच्या वर नत्रवायु, म्हणजे जाळण्यास निरुपयोगी. उरलेल्यांत मुख्य भाग कार्बन मोनॉक्साइडचा. पेट्रोल-मोटारीच्या धुरांत जो दोष, तोच येथें इंधन झाला होता!

अशा वायूच्या एका मापास हवेचें सुमारें एकच माप पुरतें. पण कोळसा खालीं बसला, ओलसर निघाला किंवा जाळी राखेनें तुंबली, कीं वायूचा कस बदले. म्हणून ड्रायव्हरच्या हाताशीं हवेची एक झडप असे आणि ती त्याला वरचेवर कमीअधिक करावी लागे. त्याच्यापुढें कांटा नव्हता. एंजिनाचा आवाज आणि गाडीची ओढ हेंच त्याचें माप. जोर पेट्रोलच्या मानानें तिसऱ्या हिश्शानें, कधीं त्याहूनही अधिक घटे, आणि चढ आला कीं ही उणीव उघडी पडे. शिवाय या वायूला वास नाहीं. बंद जागेंत भट्टी पेटवणें किंवा गळकी नळी तशीच ठेवणें म्हणजे जिवाशीं खेळ होता.

युद्धानंतर पेट्रोल पुन्हां मिळूं लागलें, भट्ट्या निघाल्या आणि प्रमाण राखण्याचें काम परत कार्बोरेटरकडे आलें. मेस्त्री आतां प्लग काढून त्याचा रंग पाही. काळी काजळी दिसली तर इंधन जास्त, पांढुरका पडला तर हवा जास्त, बदामी असला तर ठीक. पण प्लग मागची हकीकत सांगतो, चालू क्षणाची नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर नीट लावलेला कार्बोरेटर शिंगणापूरच्या डोंगरावर आला, म्हणजे हजार मीटरच्या आसपास चढला, कीं तेथील हवा सुमारें दहावा हिस्सा विरळ असते. इंधन त्या मानानें घटत नाहीं. मिश्रण आपोआप ‘रिच’ होतें आणि प्लगवर त्याची खूण उमटेपर्यंत गाडी डोंगर उतरूनही गेलेली असते.

चालू क्षणाची बातमी देणारें साधन निराळ्याच वाटेनें आलें. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिव्यासाठीं झिर्कोनिया या मातीसारख्या पदार्थावर प्रयोग केले. हा पदार्थ तापला कीं त्यांतून प्राणवायूचे विद्युत्भारित कण वाहतात. एका बाजूस बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूस एंजिनाचा धूर ठेवला, तर दोहोंतील प्राणवायूच्या फरकामुळें विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो. या तत्त्वावर बॉश कंपनीनें बनविलेला सेन्सर १९७६ सालीं व्हॉल्व्हो मोटारींत प्रथम बसला. निकड होती ती धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाची. कारण तिन्ही मुख्य दूषित वायूंवर एकदम काम करणारा उत्प्रेरक १४.७ च्या अगदीं जवळच नीट चालतो. पहिला सेन्सर मिश्रण या रेषेच्या कोणत्या बाजूस आहे एवढेंच सांगे. किती दूर आहे हें सांगणारा ‘वाइडबँड’ सेन्सर १९९० नंतरच्या दशकांत मोटारींत आला, आणि कांट्याच्या तबकडीस खरा अर्थ त्यानें दिला.

आपल्याकडे १९९५ सालीं दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें नव्या पेट्रोल-मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला. शिसें उत्प्रेरकास आणि सेन्सरास दोघांसही मारक; तें घातलेलें पेट्रोल २००० सालीं देशभर बंद झालें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले, आणि म्हसवडच्या बाजारांत उभ्या असणाऱ्या बहुतेक नव्या दुचाकींच्या धुराच्या नळींतही सेन्सर येऊन बसला.

श्रोतेहो, जुन्या मोटारीस ही तबकडी हौसेनें बसविणारे आज पुष्कळ आहेत. त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: सेन्सर एंजिनांत डोकावत नाहीं, आपल्या टोकाशीं आलेल्या धुरांत किती प्राणवायु उरला तेवढेंच तो जाणतो. तो उत्प्रेरकाच्या अलीकडे, नळीच्या वरच्या अंगास, आडव्या रेषेहून निदान दहा अंश वर कलता बसवावा, म्हणजे थंड नळींत साचलेलें पाणी तापल्या सेन्सरावर पडून तो तडकणार नाहीं. एंजिन चालू असतां त्यास तापविणारी वीज बंद ठेवूं नये. नाहींतर काजळीनें तो निकामी होतो. अर्थची तार सैल असली तरी कांटा खोटें बोलतो.

सर्वांत फसवे दोष दोन. सेन्सराच्या अलीकडे नळीचा सांधा गळका असेल तर बाहेरची हवा आंत शिरते. आणि एखादा प्लग पेटत नसेल तर न जळलेल्या इंधनाबरोबर त्याच्या वांट्याचा प्राणवायुही तसाच बाहेर पडतो. दोन्ही वेळां कांटा ‘लीन’ दाखवितो. त्यावर विश्वासून इंधन वाढविलें तर तें वाया जातें, उत्प्रेरक जळतो आणि विषारी धूर वाढतो. म्हणून आधीं सांधे आणि प्लग पाहावेत, मग इंधनाला हात लावावा. इंजेक्शनच्या गाडीस परीक्षा सोपी आहे. एंजिन गरम असतां, गाडी गिअरमध्यें ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडून वर्धनगडाचा घाट उतरावा. इंधन बंद पडतें, नळींत नुसती हवा येते आणि कांटा ‘लीन’च्या टोकास गेला पाहिजे. न गेला तर दोष सेन्सरांत किंवा तारेंत शोधावा.

आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. सातारा-सांगलीकडील साखर कारखानेही तें गाळतात. इथेनॉलच्या अंगीं स्वतःचा प्राणवायु असल्यानें अशा इंधनाच्या एका किलोस साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. गंमत ही, कीं नुसत्या पेट्रोलसाठीं आंखलेली तबकडी मेळ बरोबर बसला असतांही १४.७ च दाखवील. कारण ती वजन करीत नाहीं, उरलेला प्राणवायु पाहून आंकडा लावते. कोळशाच्या गाडीवरील ड्रायव्हरला हें शास्त्र ठाऊक नसेल. परंतु आवाज, ओढ आणि भट्टी या तिघांची साक्ष जुळल्यावांचून झडपेला हात लावूं नये, हें त्याला कळत होतें. तबकडी असलेल्यानेंही तेवढें कळून घ्यावें.