मैलापाणी पंप व संप पंप (घरगुती)

इमारतीच्या सखल भागात साचणारे पाणी उपसून वरच्या गटारात वा मलवाहिनीत सोडणारी विद्युत्‌ पंपांची दोन साधने. तळघर वा तळघरातील वाहनतळ रस्त्यालगतच्या वाहिनीपेक्षा खाली असले, तर पाणी उताराने आपोआप वाहून जात नाही. तेथे हे पंप लागतात.

संप पंप झिरपलेले भूजल व पावसाचे पाणी उपसतो. तळाशी केलेल्या खड्ड्यात पाण्याची पातळी वाढली की तरंगता फुगा (फ्लोट) वर येऊन स्विच चालू करतो. पातळी उतरताच पंप थांबतो. उपसलेले पाणी उलटे येऊ नये म्हणून वाहिनीवर एकदिशा झडप बसवितात.

मैलापाणी पंप शौचालयाचे पाणी घन पदार्थांसह उचलतो. त्याच्या पंख्यातून साधारण ५० मिमी. आकाराचे घन पदार्थ जाऊ शकतात. कातरी पंपात पाती ते बारीक करतात. मैलापाण्याचा खड्डा झाकणबंद असून त्याला वायुनलिका लागते. हे पाणी पर्जन्यजलवाहिनीत सोडू नये.

पावसाळ्यापूर्वी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फ्लोट मोकळा उचलला जातो का, ते पाहावे. कापड, सॅनिटरी पॅड व ओले रुमाल यांमुळे पंप अडकतो. खड्ड्यातील हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणघातक असतो. मलवाहिन्या व मलटाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी पंप साखळीने वर ओढून घ्यावा, खड्ड्यात कोणालाही उतरवू नये.