पोलीस ॲक्शननंतरची मदत : हिशेब कोणी मांडला?

दरवर्षी १७ सप्टेंबरला औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी ध्वजवंदन होतं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामाची राजवट संपली, मराठवाडा भारतात आला, याचा आनंद व्हायलाच हवा. शहराला आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण जुन्या मोहल्ल्यांतली म्हातारी माणसं जसं औरंगाबादच म्हणतात, तसंच या दिवसाला त्यांचं जुनंच नाव आहे : ‘पोलीस ॲक्शन’. माझी नानी स्वतःचं वयही त्यावरूनच सांगायची. ‘पोलीस ॲक्शन के वखत मैं सात साल की थी.’ ती उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातून औरंगाबादला आली आणि पुन्हा गावी गेली नाही.

गाझा, सुदान, युक्रेनच्या बातम्या आपण रोज वाचतो. मदतीचे किती ट्रक गेले, किती तंबू लागले, हे आकडे येतात. जुम्म्याच्या नमाजनंतर चंदा जमा होतो. पण ती मदत कोणाला मिळाली, कोणाला नाही, आणि घेणाऱ्याचं पुढे काय झालं, हे विचारायची आपल्याला सवय नाही. हाच प्रश्न मी १९४८च्या मराठवाड्याला लावून पाहतो आहे.

मदत मोजायची कशी?

रवांडातल्या १९९४च्या नरसंहारानंतर जगभरातून प्रचंड मदत गेली. ती कितपत उपयोगी ठरली याचं एक मोठं मूल्यमापन १९९६ साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर मदतसंस्थांनी ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष तयार केले. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, डोक्यावर छप्पर असलेली किमान साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांनी देशांतर्गत विस्थापितांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मांडली. सीमा न ओलांडता आपल्याच देशात बेघर झालेल्यांना सन्मानाने परतता आलं पाहिजे, गेलेली मालमत्ता परत किंवा तिची भरपाई मिळाली पाहिजे, असं ती तत्त्वं सांगतात.

या सगळ्याचा अर्क काढला तर तीन प्रश्न उरतात. विस्थापित किती आणि कोण, याची यादी झाली का? मदत सगळ्यांपर्यंत पोचली का? आणि माणूस पुन्हा आपल्या पायावर, आपल्या जागी उभा राहिला का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पुढच्या दोघांना अर्थच राहत नाही.

दोन वेळा उठलेली गावं

मराठवाड्याचं विस्थापन एकदा नाही, दोनदा झालं. आपल्याकडे प्रत्येक जण त्यातलं एकच सांगतो.

१९४७-४८मध्ये कासीम रझवीच्या रझाकारांनी दहशत माजवली. लूट, जाळपोळ, खून झाले. बिदर जिल्ह्यातल्या गोर्ट्याचं हत्याकांड आजही लोकांच्या स्मरणात आहे. हजारो हिंदू कुटुंबं घरदार सोडून शेजारच्या मुंबई प्रांतात आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांनाही ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ठार मारण्यात आलं. रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत, हे सांगायला एवढं एक नाव पुरेसं आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रणगाडे, विमानं, लष्करी तुकड्या वापरलेल्या या मोहिमेचं सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’ होतं, पण ती ओळखली गेली पोलीस कारवाई म्हणून. मला वाटतं, या नावानेच पुढचं बरंच काही ठरवलं. युद्ध झालं असं म्हटलं की युद्धाने उठलेली माणसं असतात, त्यांची छावणी असते, यादी असते. पोलीस कारवाईत फक्त कायदा आणि सुव्यवस्था असते.

शरणागतीनंतर सूड सुरू झाला. या वेळी उठले ते मुसलमान. यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता.

तीन माणसांचा दौरा

या घटनांची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती संस्थानात आली. पंडितजी ‘भारत में अंग्रेजी राज’ या इंग्रजांनी जप्त केलेल्या पुस्तकाचे लेखक. काझी साहेब हैदराबादच्या ‘पयाम’चे संपादक. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समिती सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी तिने बोलणं केलं.

कमीत कमी धरून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसली ती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. रझाकारांचा सर्वाधिक त्रासही याच जिल्ह्यांनी सोसला होता, हेही समितीने लिहून ठेवलं. लातूरमध्ये कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. तिथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे निघून गेले होते.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, जी आपण सांगायला विसरतो. हिंदू विणकरांनी काही ठिकाणी मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव देऊन वाचवलं. पळवून नेलेल्या मुसलमान बायका परत आणायलाही अनेक हिंदूंनी मदत केली.

समितीलाही आपण तपासलं पाहिजे. तेवीस दिवसांत घरोघर जाऊन यादी करणं शक्य नव्हतं. सात जिल्हे राहिलेच. म्हणून ‘२७ ते ४० हजार’ हा अंदाज आहे, मोजणी नाही. आपल्याकडे कुणी ‘दोन लाख’ म्हणून टाकतो, तर कुणी ‘काही झालंच नाही’ म्हणतो. दोघांचीही सोय होते, कारण मोजणी झालेली नाही.

सरदार पटेलांना हा अहवाल पटला नाही. त्यात समतोल नाही, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप मान्य केला तरी अहवाल छापून त्यावर उत्तर देता आलं असतं. तो सरकारी फायलीत राहिला. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ सालच्या हैदराबादवरील पुस्तकात त्याचा मजकूर आला, तोवर ६५ वर्षं उलटली होती.

वळिवड्याची गोष्ट

त्या काळात अशी मोजणी करणं कुणाला जमतच नव्हतं, असं कुणी म्हणेल. त्याला कोल्हापूरजवळचं वळिवडे दाखवावं. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे तिथे आले. १९४३ ते १९४८ त्यांची छावणी होती. शाळा, चर्च, दवाखाना, दुकानं, सगळं होतं. लंडनमधलं त्यांचं निर्वासित सरकार खर्च करत होतं, म्हणजे प्रत्येक माणसाची नोंद होती. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीतून आलेले सिंधी वसले आणि तिथे आजचं गांधीनगर उभं राहिलं.

पोलिश आणि सिंधी लोकांना ते मिळालं याचं मला समाधानच आहे. दुःख सगळ्यांचं सारखंच. फरक एवढाच की त्यांना ‘निर्वासित’ हे नाव मिळालं आणि त्यामागे जबाबदारी घेणारं कुणीतरी होतं. मराठवाड्यातला माणूस मात्र एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ‘राहायला गेला’ एवढंच झालं. १९५६ साली तर संस्थानच तीन राज्यांत वाटलं गेलं. मराठवाडा मुंबईत, बिदर-गुलबर्गा म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्रात. हिशेब मागायचा तरी कोणत्या राज्याकडे?

ज्वारी आणि शेत

नानीला मिळालेली मदत नातेवाइकांची होती. औरंगाबादेतल्या मावशीने खोली दिली, मोहल्ल्यातून ज्वारी आली, मशिदीतून गोधड्या आल्या. जगभर हेच होतं. सरकार आणि संस्था पोचण्याआधी नातलग आणि शेजारी पोचतात, आणि त्यांची कुठे वही नसते. या मदतीने नानीचं कुटुंब जगलं. पहिले दोन घास, पहिलं छप्पर, या मापाने ती मदत पूर्ण यशस्वी.

पण तिच्या अब्बांची शेती गावातच राहिली. भीतीने ते परतले नाहीत, आणि काही वर्षांनी कागदावर दुसरं नाव लागलं. कोणी जबरदस्तीने घेतली की कवडीमोलाने विकली, हे घरात कधी नीट बोललं गेलं नाही. नानी एवढंच म्हणायची, ‘जवारी सब ने दी, खेत किसी ने नहीं दिया.’ तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आलं.

अजून मोजता येईल

वेळ निघून गेली असं मला वाटत नाही. मराठवाड्यात निजामकाळाचे सेतवार आणि पाहणीपत्रकं आहेत, आणि त्यानंतरचं १९५४-५५चं खासरा पत्रकही आहे. एखाद्या गावाचे हे कागद शेजारी ठेवले तर सहा-सात वर्षांत कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर जमीन गेली, ते दिसेल. १९४१ आणि १९५१च्या जनगणना आहेत. दोन-चार तरुणांनी एकेक तालुका घेतला तरी खूप होईल.

हे काम करताना एक अट पाळावी. १९४७-४८मध्ये रझाकारांच्या भीतीने गाव सोडलेल्या हिंदू कुटुंबांची नोंदही त्याच वहीत, त्याच रकान्यांत व्हावी. कोण परतलं, कोणाला काय मिळालं, कोणाचं काय गेलं. वेगळ्या वह्या केल्या की त्याची भाषणं होतात, एका वहीत लिहिलं की इतिहास होतो.

कुणाकडून जमिनी परत मागायला हे नको. पंचाहत्तर वर्षांनंतर त्या शेतात राबणाऱ्या माणसाचा यात काय दोष? हे हवं आहे ते पुढच्या वेळेसाठी. मदत द्यायची वेळ आली की आपण ज्वारीची पोती मोजतो. त्याच दिवशी उठलेल्या माणसाचं नाव, गाव आणि त्याचं शेतही लिहून घ्यायला आपण शिकलं पाहिजे.