पसईचा दाणा आणि परवलीचा शब्द

फौजेतून निवृत्त होऊन मी जबलपूरला स्थायिक झालो. आज बोलायचंय ते अधारतालबद्दल. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा हा तलाव. राणी 1564 मध्ये लढता लढता गेली. तिच्या काळातले राणीताल, चेरीताल, अधारताल ही नावं मात्र अजून रोज आपल्या तोंडी आहेत. याच अधारतालला 1964 मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय उभं राहिलं.

तळ्यांचा आणि शेतीचा एक जुना धागा आहे, तो म्हणजे पसई. तळ्याकाठी, दलदलीत आपोआप उगवणारा रानटी भात. लांब कुसळं, तांबूस दाणा, पिकला की गळून पडणारा. हरछठला इथल्या बायका नांगरलेल्या जमिनीतलं काही खात नाहीत, पसईचा भात खातात. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, तेव्हा देवभात शिजतो. रीत तीच.

शास्त्रज्ञ याच्या वर्षायू जातीला ओरायझा निवारा म्हणतात. संस्कृतातला ‘नीवार’ तो हाच. ही जात बहुतांशी स्वपरागित. त्यामुळे एका तळ्यातलं वाण शेजारच्या तळ्यात सहसा मिसळत नाही आणि तळ्यागणिक गुण वेगळे राहतात.

याची किंमत 1970 च्या दशकात कळली. तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या खुरट्या रोगाने आशियातली भातशेती बसवली. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाणं तपासली. रोगाला पुरून उरलं ते एकच, उत्तर प्रदेशातून गोळा केलेलं निवाराचं वाण. 1976 च्या आयआर-36 मध्ये त्याचाच गुण आहे.

फौजी भाषेत सांगतो. सगळ्या चौक्यांना परवलीचा एकच शब्द दिला, तर तो फुटताच सगळ्या चौक्या पडतात. सुधारित वाणांचं तसंच आहे. आणि पसईचं प्रत्येक तळं म्हणजे वेगळी परवल.

डॉ. रिछारिया यांनी 1970 च्या दशकात रायपूरला राहून, तेव्हाच्या मध्य प्रदेशातली भाताची हजारो देशी वाणं जमवली. पण पेटीतलं बियाणं जमवलं त्या दिवशीचंच राहतं. तळ्यातलं दरसाल नव्या रोगाशी झुंजतं आणि बदलतं.

शहर वाढतं तशी तळी बुजतात. तळं बुजलं की नकाशावर नाव उरतं, परवल मात्र कायमची जाते. यंदा हरछठला वा ऋषिपंचमीला ताटात हा भात आला, तर एवढंच विचारा: कुठल्या तळ्याचा?

जय हिंद.