विश्वकिरणांपासून गावच्या चावडीपर्यंत

१/ गरीब देशाने मूलभूत संशोधनावर पैसा खर्च करावा का, की तो थेट शाळांना द्यावा? या जुन्या वादाचे एक उत्तर १९७५ साली भारतातील सुमारे २४०० खेड्यांत पाहायला मिळाले.

२/ विक्रम साराभाईंना १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली ती विश्वकिरणांवरील संशोधनासाठी. त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. या संशोधनाचा खेड्यातील शाळेशी तेव्हा वरकरणी काहीही संबंध नव्हता.

३/ नोव्हेंबर १९६३ मध्ये थुंबा येथून पहिले रॉकेट सुटले, तेही वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी. १९६९ मध्ये नासाशी करार झाला : एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारताच्या ग्रामीण शिक्षणासाठी वापरायचा. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे निधन झाले. प्रयोग त्यांना पाहता आला नाही.

४/ धुरा उचलली ती यशपाल आणि एकनाथ चिटणीस यांनी. यशपाल अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक. कोल्हापूरचे चिटणीस ‘साइट’ प्रकल्पाचे व्यवस्थापक. दोघेही मूळचे विश्वकिरणांचेच अभ्यासक!

५/ १ ऑगस्ट १९७५ रोजी सहा राज्यांत प्रक्षेपण सुरू झाले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. अँटेना होती खुराड्याला लावतात तशा जाळीची, तीन मीटर व्यासाची. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालत.

६/ काही गावांत मानवशास्त्रज्ञ मुक्काम करून राहिले. कोण पाहते, कोणाला काय समजते, गावात काय बदलते, याच्या त्यांनी नोंदी केल्या. उपयोजनातून पुन्हा मूलभूत प्रश्न जन्माला आले, ते या वेळी समाजशास्त्राचे.

७/ मात्र ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि उसना उपग्रह परत गेला. पुढे १९८३ मध्ये आपल्या मालकीचा इन्सॅट-१ब आला, पण तो अमेरिकेत बांधलेला. भारतात बांधलेला इन्सॅट-२अ अवकाशात जायला १९९२ उजाडले.

८/ साराभाईंच्या प्रयोगशाळेने आधी उपग्रह घडवला नाही. तिने उपग्रहाचे काय करायचे हे जाणणारी माणसे घडवली. उपयोजनाचे पीक एका वर्षात दिसले. त्याची पेरणी मात्र २८ वर्षे आधी झाली होती. आज एखाद्या प्रयोगशाळेचा निधी ‘उपयोग काय?’ म्हणून रोखताना हा हिशेब आठवावा.