ध्वनिक्षेपकापुढील विनोदकार

पु. ल. देशपांडे हें नांव घेतांच नाटकें, एकपात्री प्रयोग आणि पुस्तकें डोळ्यांपुढें उभीं राहतात. नभोवाणींतील त्यांची नोकरी मात्र चरित्रांत दोन ओळींत उरकली जाते. वाऱ्यावर गेलेल्या शब्दांचा हिशेब कोण ठेवणार? तरीहि हा न्याय मला पटत नाहीं.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईस झाला. शिक्षक, बेळगांवच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजांत प्राध्यापक, मग चित्रपट, अशी मुशाफरी करून १९५५ सालीं ते आकाशवाणीच्या पुणें केंद्रावर रुजू झाले. केंद्र उघडून तेव्हां अवघीं दोन वर्षें झालीं होतीं. पुढें बी. बी. सी. कडे शिक्षणासाठीं त्यांस विलायतेस धाडण्यांत आलें, आणि १९५९ सालीं दिल्लीस दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हां तेथील आरंभींच्या निर्मात्यांत ते होते. यंत्रविद्या शिकण्यास गेलेला हा गृहस्थ येतांना ‘अपूर्वाई’चा ऐवजहि घेऊन आला!

रेडियोनें त्यांस विनोदी बनविलें, असें माझें म्हणणें नाहीं. ‘व्यक्ति आणि वल्ली’तील पहिलें शब्दचित्र १९४४ सालचें आहे. परंतु नभोनाट्याच्या निर्मात्याजवळ वेष नाहीं, रंगभूषा नाहीं, समोर हंसणारा प्रेक्षक नाहीं. पात्र ओळखावयाचें तें बोलण्याच्या ढबीवरून, आणि कोठें थांबावें हेंहि स्वतःच ठरवावयाचें. अशा कामांत राबणाऱ्याचे कान तयार न झाले तरच नवल.

‘अंतू बर्वा’ घ्या. त्याचें नाकडोळे आपणांस फारसे आठवत नाहींत. आवाज मात्र ऐकूं येतो. भोरच्या वर्गांत मी हें प्रकरण मोठ्यानें वाचीत असें. मुकाट्यानें वाचतांना मुलें क्वचितच हंसत. आवाज लागला कीं वर्ग आवरेनासा होई. वेल्ह्याच्या डोंगरांतून आलेलीं मुलेंहि मागें नसत. भोरहून वरंधा घाट उतरलें कीं कोकणच. तो हेल आमच्या कानांस परका नव्हता. ‘चितळे मास्तर’ वाचतांना मात्र मुलें पुस्तकाकडे न पाहतां माझ्याकडे पाहत, हें येथें नमूद करून ठेवतों.

‘गणगोत’मधील रावसाहेब बेळगांवचे. कानडी वळणाच्या मराठींत लिंगवचनांची धांदल उडविणारा हा मनुष्य कागदावर उतरविण्यास व्याकरण उपयोगाचें नव्हतें. ऐकणाराच हवा होता. ‘व्यक्ति आणि वल्ली’स १९६५ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, त्यापूर्वींच सरकारी नोकरी सुटली होती. १२ जून २००० रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांचीं रेडियोवरील भाषणें व श्रुतिका पुस्तकरूपानें आज उपलब्ध आहेत. घरांत चार माणसें जमवून तीं मोठ्यानें वाचावीं.